तुंबलेला आवाज

चाळीस वर्षं प्लंबिंग केलेल्या काकांच्या मते, दुरुस्त होत नाही अशी वस्तू अजून जन्माला यायची होती. त्यामुळे पुतणीच्या ऑनलाइन मुलाखतीला दहा मिनिटं उरली असताना कॉम्प्युटर मुका झाला, तेव्हा काकांनी बाह्या सरसावल्या.

"सरक बाजूला! पाच मिनिटांचं काम!"

"काका, आधीच्या दोन नोकऱ्या हातातून गेल्यात हो. ही तरी मिळू दे!"

"म्हणून तर म्हणतो, सरक!"

काकांनी ऑडिओ ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारं सॉफ्टवेअर, मुळासकट उडवला. जुना वायसर काढल्याशिवाय नवा बसत नाही, हा त्यांचा सिद्धांत. नवा ड्रायव्हर मुंगीच्या पावलांनी उतरू लागला आणि ठीक अकराला गिझर कंपनीचे दोन साहेब आणि एक बाई पडद्यावर अवतरले. ओठ हलत होते, आवाज शून्य! पुतणीनं घाईघाईनं कागदावर 'आवाज येत नाही, थोडं थांबा' लिहून कॅमेऱ्यापुढे धरलं. तिघांनी माना डोलावल्या.

"यांचा गिझर आहे ना माझ्याकडे!" काका गरजले. "दिसायला राजबिंडा, आणि पहिल्याच महिन्यात गळतो!"

"हळू! ऐकतील ना ते!"

"कसे ऐकतील? पाइप तुंबलाय! तिकडचं इकडे येत नाही, तर इकडचं तिकडे कसं जाईल? तो मधला टकल्या बघ, कसा बसलाय!"

मधल्या साहेबांचा हात डोक्याकडे गेला. बाईंनी तोंडाला रुमाल लावला.

"सर्दी झालीय बिचारीला," काका म्हणाले.

"काका, गिझर गळत असेल तर तक्रार नोंदवायची. शिव्या देऊन गळती थांबते का? द्या, मी लिहून घेते. कधीपासून गळतोय?"

वीस मिनिटं काका बोलत होते आणि पुतणी न चिडता लिहून घेत होती. मग 'टिंग' झालं आणि खोलीभर तिघांचं हसू घुमलं.

"काका, तुमचा आवाज पहिल्यापासून येतोय," मधले साहेब म्हणाले. "माइक कॅमेऱ्यातला आहे. त्याचा पाइप वेगळा!"

पुतणीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "सर, माफ करा..."

"माफी कसली? तक्रारी ऐकून घ्यायचीच तर नोकरी आहे! सोमवारपासून या."

काकांची छाती फुगली. "बघितलंस? बसला की नाही ड्रायव्हर!"

"आणि पहिली तक्रार काकांचीच घ्या," साहेब म्हणाले. "काका, तो गिझर बसवला कोणी होता हो?"

काका घाईघाईनं आवाज बंद करायचं बटण शोधू लागले.