कलम ६१ खालचं बेट

आजारी पडणं ही माणसाची खाजगी बाब आहे. बरं होणं मात्र सरकारी. म्हणूनच जबाबदार देशात औषधाच्या आधी कायदा तयार असावा लागतो. मोल्दोवा या बाबतीत अतिशय जबाबदार. गेल्या बावीस वर्षांत इथे आरोग्यसेवेची राष्ट्रीय सुधारणा तीनदा झाली, आणि दर वेळी आधीची सुधारणा सुधारावी लागली. सुधारणेला किती वाव होता, हे यावरून दिसतं.

तिन्ही सुधारणांचे मसुदे एकाच हातचे होते. राष्ट्रीय आरोग्य सुधारणा सचिवालयाच्या तिसऱ्या मजल्यावर पावलिना व्राबिये ही मुख्य मसुदाकार बसते. तिच्या खोलीत एक किटली, एक मरायला टेकलेलं फायकसचं झाड आणि नऊ शिक्के आहेत. पावलिनाने आजवर कुणाचं साधं बोटही बांधलेलं नाही, पण तिच्या स्वल्पविरामाशिवाय देशातल्या कुठल्याही डॉक्टरला सुई टोचता येत नाही.

तिसऱ्या सुधारणेतलं कलम १४ हे तिचं सर्वात गाजलेलं काम. नऊशेपेक्षा कमी वस्तीच्या गावातल्या दवाखान्याचं सुसूत्रीकरण करावं, असं त्यात म्हटलं होतं. (सुसूत्रीकरण म्हणजे कुलूप. मसुद्यात कुलूप हा शब्द बरा दिसत नाही.) एका वर्षात तीनशे बारा दवाखाने सुसूत्र झाले. त्यात रिपा-सेका नावाच्या गावाचाही होता. रिपा-सेका म्हणजे कोरडी घळ. वस्ती चारशे बारा, अक्रोडाची झाडं त्याहून जास्त, पाणी एका विहिरीत. त्या चारशे बारांत पावलिनाची आगाफिया मावशी होती. आई गेल्यावर सहाव्या वर्षापासून पावलिनाला तिनेच वाढवलं होतं.

मावशीला साखर होती आणि द्राक्षांच्या तोडणीपासून तिच्या डाव्या पायाला एक जखम होती. जिल्ह्याच्या डॉक्टरने सरळ सांगितलं होतं, की रोज ड्रेसिंग झालं तर पाय राहील; नाही झालं तर वसंतात बोटं जातील आणि पुढच्या हिवाळ्यात गुडघ्यापर्यंत. डॉक्टर एकतीस किलोमीटरवर होता. बस मंगळवारी आणि शुक्रवारी यायची, तीही चिखल नसेल तर.

दर रविवारी मावशीचा फोन यायचा.

"काय गं पावलिने, तुझ्या नव्या कायद्यात माझ्या पायाचं काही आलंय का?"

"मावशे, कायदा सगळ्यांसाठी असतो. एका पायासाठी नसतो."

"मग दोन पायांचं लिही. दुसराही आहे माझ्याकडे."

"तू इकडे ये म्हणते ना मी. माझ्याजवळ राहा."

"आणि कोंबड्या? त्या काय पाचव्या मजल्यावर जिन्याने चढणार? ठेव फोन, बिल वाढतंय."

याच सुमारास चौथी सुधारणा आली. युरोपला दिलेल्या शब्दाप्रमाणे कायदा तीस दिवसांत हवा होता. सचिव एमिल कोस्ताश यांनी बैठकीत धोरण स्पष्ट केलं. "नव्याने लिहायला वेळ नाही. कुणाचा तरी चांगला कायदा घ्या, आणि आपण त्यात मावतो का बघा."

उत्तरेकडच्या एका समुद्रकाठच्या देशाचा कायदा निवडण्यात आला. तिथले लोक नव्वदीपर्यंत सायकल चालवतात, हे निवडीमागचं प्रमुख कारण होतं. एकशे सत्त्याऐंशी कलमं. त्यात त्या देशाचं नाव दोनशे चौदा ठिकाणी होतं, ते काढून संगणकाने चार सेकंदांत आपलं घातलं. (सुधारणेचा एवढा एकच टप्पा मुदतीच्या आत पूर्ण झाला.) फक्त कलम १४ जुन्या कायद्यातून जसंच्या तसं उचललं, कारण संपूर्ण कायदा परका असू नये, थोडी राष्ट्रीय अस्मिता असावी, असं सचिवांचं मत पडलं.

तपासताना पावलिना कलम ६१ पाशी थांबली. तिथे लिहिलं होतं: 'प्रत्येक वस्ती असलेल्या बेटावर एक निवासी परिचारिका व ड्रेसिंगची खोली असेल.' मोल्दोवाला समुद्र नाही. पावलिनाने तसं टिपण लिहिलं आणि खाली सही केली.

एकोणीस जणांच्या कार्यगटाने त्या टिपणावर दोन दिवस खल केला. कलम काढावं, तर पुढच्या सगळ्या कलमांचे क्रमांक बदलणार, संदर्भ तुटणार, आणि जनतेचं मत नव्याने मागवावं लागणार. जनतेला दोनदा विचारायची पद्धत नाही. 'बेट' काढून 'गाव' घालावं, अशीही एक सूचना आली. म्हणजे प्रत्येक गावात परिचारिका. गटाला बराच वेळ हसू आवरलं नाही. शेवटी कलम आहे तसं ठेवायचं एकमताने ठरलं. बेट नाही म्हणजे अंमलबजावणी नाही, खर्च नाही, तक्रार नाही. असं निर्दोष कलम आपल्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं, असं कोस्ताश साहेब म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

जनतेच्या चार सूचना आधीच आल्या होत्या. एकाने सूचना कुठे लिहायची ते विचारलं, दुसऱ्याने शेजाऱ्याच्या कुत्र्याबद्दल तक्रार केली, तिसऱ्याने शुद्धलेखन सुधारून दिलं, चौथ्याने विचारलं, बेट कुठे आहे? चारही सूचना 'अंशतः मान्य' करण्यात आल्या, आणि संसदेने जेवणाच्या सुट्टीआधी कायदा मंजूर केला.

खरी अडचण मग सुरू झाली. कायद्याची प्रगती दाखवायला एक मोठा तक्ता होता. पूर्ण झालेल्या कलमाची चौकट हिरवी, अपुऱ्याची लाल. कलम ६१ समोर 'परिचारिका असलेली बेटं भागिले एकूण बेटं' असं सूत्र होतं. शून्य भागिले शून्य केल्यावर संगणकाने चौकट लाल केली, आणि ती लुकलुकूही लागली. लाल चौकट म्हणजे परदेशी पाहुण्यांचे प्रश्न. ते टाळायला देशात किमान एक बेट असणं राष्ट्रहिताचं ठरलं.

पावलिनाने कलम २ उघडलं. व्याख्या तिथे असतात. 'बेट म्हणजे जिथे वर्षातले किमान तीस दिवस चारचाकी वाहन पोहोचू शकत नाही, अशी वस्ती.' उत्तरेत समुद्र गोठतो त्या दिवसांसाठी ते लिहिलं असावं. तिने ते वाक्य तीनदा वाचलं. आदल्याच दिवशी रविवार होता, आणि मावशी नेहमीसारखी टोमणे न मारता नुसतं म्हणाली होती, "चिखलामुळे तीन आठवडे बस नाही गं. दोन बोटं काळी पडलीत." मावशीचा आवाज एवढा लहान झालेला पावलिनाने कधी ऐकला नव्हता.

त्याच सोमवारी तिने साहेबांपुढे प्रस्ताव ठेवला.

"रिपा-सेका?" कोस्ताश साहेबांनी नकाशा पाहिला. "अहो बाई, हे तर ठणठणीत कोरडं दिसतंय."

"साहेब, व्याख्येत पाण्याचा उल्लेख नाही."

साहेबांनी व्याख्या वाचली. चष्मा काढून पुन्हा वाचली. "या व्याख्येने देशात एकूण बेटं किती होतात?"

"सहाशे चाळीस."

साहेबांनी उठून दार लावून घेतलं.

"एकच घ्या," साहेब हळूच म्हणाले. "प्रायोगिक बेट म्हणू. आणि हा सहाशे चाळीस आकडा तुम्ही मला सांगितला नाही."

पावलिनाने मान हलवली. तिला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. सहाशे एकोणचाळीस गावांत कुणाकुणाच्या मावश्या असतील, हे तिला कळत होतं. तरी तिने मान हलवली, कारण काळी बोटं तिच्या मावशीची होती.

पाहणीसाठी तिघांची समिती गेली ती नेमकी कडाक्याच्या थंडीत. चिखल दगडासारखा गोठलेला. गाडी विनासायास सरपंचाच्या दारात उभी राहिली आणि बेटाचं भवितव्य धोक्यात आलं. पण सरपंच त्रोफीम हा जाणता माणूस. त्याने समितीला अदबीने तळघरात नेलं, पिंपाची तोटी उघडली, लोणच्यातलं कलिंगड कापलं आणि म्हणाला, "आधी चव तर घ्या साहेब, बेट कुठे पळून जातंय?" समिती दुसऱ्या दिवशी दुपारी वर आली. अहवालात नोंद झाली: 'गावातून बाहेर पडण्याचा मार्ग सुमारे बावीस तास उपलब्ध नव्हता. परिस्थिती गंभीर वाटते.'

रिपा-सेका बेट झालं. दवाखान्याचं कुलूप निघालं. निवासी परिचारिका म्हणून झिना नेमली गेली. तीन वर्षांपूर्वी याच दवाखान्यातून कलम १४ खाली घरी पाठवलेली झिना ती हीच. मधल्या काळात ती बाजारात सूर्यफुलाच्या बिया विकत होती. परिशिष्टानुसार बेटाला मिळायचं साहित्यही आलं: चारशे बारा नारिंगी लाइफ जॅकेटं, धुक्यात जहाजांना इशारा द्यायचा एक भोंगा आणि भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक. जॅकेटं ऊबदार निघाली. भोंगा सकाळी आठला वाजायचा आणि लोक रक्तदाब मोजायला यायचे. वेळापत्रकावर मावशी कणीक मळायची.

मावशीची दोन बोटं जिल्ह्याच्या दवाखान्यात काढावी लागली. पाय राहिला. तक्त्यातली चौकट हिरवी झाली, आणि पावलिनाला बऱ्याच वर्षांनी शांत झोप लागली.

पण चांगलं काम लपून राहत नाही. बेट म्हणून नोंद झाल्यामुळे रिपा-सेकाचं नाव दुर्गम वस्त्यांच्या यादीत गेलं, आणि ती यादी रस्ते खात्याच्या हाती लागली. त्या खात्यातही सुधारणा चालू होती. जूनमध्ये सहा किलोमीटरचा गुळगुळीत डांबरी रस्ता थेट दवाखान्याच्या पायरीपर्यंत आला. बस मात्र मंगळवारी आणि शुक्रवारीच यायची. पण व्याख्येत वाहन येतं का, हा प्रश्नच नव्हता; पोहोचू शकतं का, एवढाच होता. आता पोहोचू शकत होतं. सबब बेटाचा दर्जा तीस दिवसांत संपुष्टात येईल, आणि दवाखाना कलम १४ खाली जाईल, अशी नोटीस निघाली. मसुदा पावलिनाचा होता. अंतिम पाहणीलाही तिलाच धाडलं.

गाडी शेवटच्या अक्रोडापाशी करकचून थांबली. पुढे रस्ता नव्हता. नवीकोरी डांबरी सडक आडवी खणलेली, दोन-सव्वादोन मीटर रुंद चर, आणि त्यात कमरेइतकं गढूळ पाणी. पलीकडे अख्खं गाव नारिंगी जॅकेटं घालून फावडी घेऊन उभं होतं. सर्वांत पुढे आगाफिया मावशी, दोन्ही पायांवर.

"मावशे, हे काय चाललंय?"

"समुद्र," मावशी म्हणाली. "तुझ्या कायद्याला लागतो ना, तोच."

"अगं, पाण्याची अट नाहीये त्यात! नुसता खड्डा पुरला असता."

"मग आधी बोलायचं की! पहाटेपासून विहिरीचं पाणी ओतून कंबरडं मोडलंय आमचं."

त्रोफीमने टोपी काढली. "बाई, आत येताय? फळी टाकू का?"

"खबरदार," पावलिना म्हणाली. "फळी टाकली की पोहोचता येतं."

गावाला हे पटलं. मावशीने शेपू आणि चीज भरलेल्या गरम पोळ्या, म्हणजे तिकडच्या प्लाचिंता, रुमालात गुंडाळल्या, फावड्यावर ठेवल्या आणि फावडं चरावरून अलीकडे केलं. शेपूच्या त्या वासाने पावलिनाला सहावं वर्ष आठवलं, आणि तिचे डोळे भरून आले. तिने बॉनेटवर फॉर्म ठेवला आणि खाताखाता लिहिला: 'बेट सुस्थितीत आहे. पाण्याची पातळी समाधानकारक.' खाली तिने सही केली. नऊपैकी चार शिक्के बरोबर आणले होते, ते चारही मारले.

बातमी फुटायला एक आठवडा लागला. शरद संपेपर्यंत चौऱ्याण्णव गावांनी आपापले रस्ते खणले. रस्ते खातं ते बुजवतं, गावं पुन्हा खणतात, आणि दोन्ही खात्यांच्या चौकटी हिरव्या राहतात. इतका समन्वय देशाने पूर्वी पाहिला नव्हता. सचिवालयाने चराच्या किमान रुंदीबाबत एक परिपत्रकही काढलं आहे (सव्वादोन मीटर, आतापर्यंतचं पावलिनाचं सर्वात नेमकं लिखाण).

हा वृत्तान्त वाचताना ज्यांना हसू आलं, त्यांच्या दारापर्यंत पक्का रस्ता आहे, असं सचिवालय गृहीत धरतं. त्यांनी कलम ६१ खाली अर्ज करू नये. त्यांच्यासाठी कलम १४ आहे.