दोन पॉइंट दहाचा दाखला

एक्सएमएल फायलीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक आकड्याला आपण आकडा असल्याचा दाखला आणावा लागतो, आणि त्यावर ज्याने तो मोजला त्याचीच सही चालते. तोवर तो नुसतं अक्षर असतो. अक्षरांची बेरीज होत नाही, सरासरी निघत नाही. हा नियम मी केलेला नाही. मी फक्त प्रोग्राम लिहिते.

आमच्या बंदर कार्यालयाकडे १९७१ ते २००१ अशी एकतीस वर्षांची फाइल आहे. रोज भरतीला जेटीपाशी पाणी किती मीटर चढलं त्याची एक नोंद, एक्सएमएलच्या रीतीप्रमाणे मागे-पुढे एकेक टॅग, वर तारीख. नवी जेटी किती उंच बांधायची ते या नोंदींवरून ठरायचं होतं. मी प्रोग्राम चालवला आणि अकरा हजार तीनशे तेवीस आकडे व्हरांड्यात येऊन बसले. एकाकडेही दाखला नव्हता.

मोजणारा माणूस एकच, वासुदेव कुबल. वय वर्षं ब्याऐंशी. आमच्या साहेबबाई, शिरवलकर मॅडम, यांनी त्यांना पत्र धाडलं. कुबलकाका दुसऱ्याच दिवशी इस्त्रीचा सदरा घालून हजर. आल्या आल्या त्यांनी विचारलं की आकड्यांना पाणी दिलंत का. आम्हांला ते सुचलंच नव्हतं.

दिवसाला तीनशे असा क्रम ठरला. आकडा आत येई, काका चष्मा कपाळावर सरकवून बघत आणि ओळखत. हा अमावास्येचा, या दिवशी छत्रीची काडी मोडली. हा भाऊबीजेचा, बहीण ओवाळायला खोळंबली होती. हा तुफानाच्या आदल्या दिवसाचा, तेव्हाही असाच गप्प होता. मग दाखल्याच्या अर्जातल्या ‘साक्षीदाराशी नातं’ या रकान्यात ते ‘मोजला’ असं लिहीत आणि सही करीत. आकडा दाखला घेऊन माझ्या प्रोग्राममध्ये जाई.

खरं सांगते, मला सुरुवातीला कंटाळा आला होता. पुढे मीच सकाळी लवकर येऊ लागले. माझ्या जन्माच्या दिवसाचा आकडाही त्यात होता. दोन पॉइंट चौतीस. काका म्हणाले, पाणी स्वच्छ होतं त्या दिवशी, तळाचे खेकडे दिसत होते. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मॅडमच्या कपाटात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पितळी पाटी तयार होती. ‘एकतीस वर्षांत एकही दिवस न चुकवणारे वासुदेव कुबल’. फाइल पुरी झाली की ती नव्या जेटीवर लागणार होती. एक जरी आकडा नाकारला गेला तर नाही. काका रोज घरी जाताना ती उघडून बघत, रुमालाने पुसत आणि पुन्हा गुंडाळून ठेवत.

अडतीसाव्या दिवशी व्हरांड्यात एकच आकडा उरला. २३ डिसेंबर १९८४, दोन पॉइंट दहा. तो पहिल्या दिवसापासून रांगेत होता, पण प्रत्येक वेळी मागच्याला पुढे जाऊ देत होता. मला वाटलं, स्वभावाने गरीब असेल.

काकांनी त्याला बघितलं आणि पेनाचं टोपण लावलं.

“हेका मी मोजूक नाय,” ते म्हणाले. “त्या दिशी आमी कणकवलीक सर्कशीक गेल्लव. शेवंती धा वर्सां सांगत होती. संध्याकाळी येवन मी अंदाजान लिवलंय.”

शेवंतीकाकू जाऊन नऊ वर्षं झाली होती. मॅडमनी उगाच फाइल उलटीपालटी केली. मग मीच म्हटलं, काका, करून टाका सही. पाणी फार तर बोटभर वर नाहीतर खाली असेल, जेटीला काय कळतंय. मला ती पाटी लागलेली बघायची होती. मॅडमही खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, म्हणजे त्यांची हरकत नव्हती.

काकांनी आकड्यालाच विचारलं, तुझं काय म्हणणं.

“मी पाणी बघितलं नाही,” दोन पॉइंट दहा म्हणाला. “काकूंनी हत्तीला केळं दिलं ते बघितलं. दोनदा दिलं. येताना एसटीत त्यांना तुमच्या खांद्यावर झोप लागली.”

काकांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. नंतर म्हणाले, दोनदा दिल्याचं मी विसरलोच होतो.

त्यांनी अर्जावर ‘नाकारला’ अशी खूण केली. मॅडमनी सांगितलं की नाकारल्यावर नात्याचा रकाना कोरा ठेवतात. काकांनी तरी तो भरला. ‘घरचो’ असं लिहिलं, खाली सही केली आणि छत्री उचलली. दोन पॉइंट दहा त्यांच्यामागून पायऱ्या उतरला. पाटीकडे काकांनी त्या दिवशी बघितलं नाही.

जेटी बांधून झाली. पाटी अजून कपाटात आहे. मधूनमधून मी ती पुसते. काकांच्या ओटीवर हल्ली दोन खुर्च्या असतात. मी जाते तेव्हा मला तिसरी आणून देतात, आणि सर्कशीची गोष्ट दोघं मिळून सांगतात. एकाला हत्तीचं आठवतं, दुसऱ्याला साडीचा रंग.

माझा प्रोग्राम रोज सकाळी फाइल वाचतो. २३ डिसेंबर १९८४ पाशी तो थांबतो, आत कोणी नाही हे बघतो आणि पुढे जातो. तिथे काही तरी भरून टाक, असं मॅडम दोनदा म्हणाल्या. मी भरलेलं नाही. त्या दिवशी घरात कोणी नव्हतंच, सगळे सर्कशीला गेले होते.