शालिकराव डाक्टर आणि हंबरणारा डबा

आमच्या शेजारचे शालिकराव डाक्टर कॉम्प्युटरच्या डब्याला स्टेथोस्कोप लावून बसलेले मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मला वाटलं, यांना ऊन लागलं असावं. डोळे मिटलेले, एक हात वर, म्हणजे 'गप्प राहा', आणि नळीचं टोक डब्याच्या कुशीवर. मी दारातच थांबले. बऱ्याच वेळानं त्यांनी नळी कानातून काढली आणि दबक्या आवाजात म्हणाले, "श्वास चालू हाय मॅडम. पर नजर गेली."

नजर गेली होती हे खरंच. बटण दाबलं की आतले पंखे घरघरायचे, पण पडदा काळाठिक्कर. आणि सुरू होताना डब्यातून एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या यायच्या. ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावर चित्र आणणारी आतली पट्टी, रुसली की जुने कॉम्प्युटर असेच ओरडतात. डाक्टरांचं मत वेगळं होतं.

"हंबरून राहिला बिचारा," ते म्हणाले. "मुकं जनावर हाय बापा. त्याले का सांगता येते, कुठं दुखते तं?"

डाक्टर ही पदवी त्यांना आमच्या सानगडी गावानं दिलेली. सरकारी कागदावर ते गुरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होते, म्हणजे मलमपट्टी करणारे. खरे डॉक्टर साहेब कधी बैठकीला, कधी दौऱ्यावर. मागं गावच्या गुरांची सगळी भिस्त शालिकरावांवर. आता निवृत्त झाले, पण सवय काही निवृत्त झाली नाही. मागं मला ताप आला होता, तेव्हा खिडकीतून त्यांनी माझी चौकशी केली. माझी म्हणजे, मला नाही, माझ्या नवऱ्याला विचारलं. "चारापानी घेते का?"

मी शाळेत मराठी शिकवते. पण शाळेतल्या कॉम्प्युटर खोलीची किल्ली माझ्या पर्समध्ये असते आणि एवढ्या एका पुराव्यावर अख्खी आळी मला तज्ज्ञ समजते. मलाही ते नाकारायचा धीर झालेला नाही. मान मिळत असेल तर कोण नाही म्हणतं!

हा डबा डाक्टरांच्या लेकीचा. पल्लवीनं कॉलेजात असताना नागपूरहून सुटे भाग आणून तो घरीच जोडला होता आणि गेम खेळायला मिळावेत म्हणून त्यात हे भलंमोठं कार्ड बसवलं होतं. आता ती बंगलोरला नोकरी करते. डाक्टरीणबाई जाऊन बरीच वर्षं झाली. घरात उरले डाक्टर आणि डबा. डाक्टर त्यावर पत्ते खेळायचे, भजनं ऐकायचे आणि पाऊस येणार का ते बघायचे. पाऊस पडत असतानाही बघायचे.

पल्लवीनं फोनवर एका वाक्यात निकाल दिला. "बाबा, फेका तो डबा. मी नवीन पाठवते. चपटा येते आता, त्याले उघडाची भानगडच नाही."

डाक्टर एकदम ताठ झाले. "म्हातारा झाला म्हनून कसायाले देता का? उभ्या नोकरीत मी असं केलं नाही."

"बरं, मग एकदा उघडून पाहू," ती म्हणाली. "पन नाही जमलं तं नवीन येईन, सांगून ठेवते."

तर असे उपचार सुरू झाले. डाक्टरांनी आधी सीडीचा कप्पा उघडून पाहिला. "तोंड उघडते, म्हनजे धोका नाही." मग ताप. तळहात पाठीवर ठेवून झाला, पण एवढ्यानं त्यांचं समाधान होईना. त्यांनी पेटीतून गुरांचा थर्मामीटर काढला, डब्याच्या मागच्या बाजूला गेले आणि तिथली सगळी भोकं बघून थोडे गोंधळले. मी घाईघाईनं थर्मामीटर काढून घेतला. तेवढ्यात त्यांना खुरकुताची, म्हणजे गुरांच्या साथीची, शंका आली. रोग पसरू नये म्हणून त्यांनी टीव्ही उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. टीव्ही आजही तिथंच आहे.

रविवारी दुपारी पल्लवीचा व्हिडिओ कॉल आला. एरवी तिचा फोन म्हणजे जेवले का, गोळी घेतली का, ठेवते. आमच्या दोन्ही घरांत भिंत एकच असल्यामुळे मला तो पाठ आहे. त्या दिवशी मात्र ती सगळी दुपार बसली. फोन गव्हाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, त्यात पल्लवी, आणि जमिनीवर कुशीवर आडवा पाडलेला कॉम्प्युटर. बैल पाडतात तसा, पाय बांधायचे तेवढे राहिले होते.

"बाबा, ते लांब कार्ड दिसते ना? त्याच्या टोकाले खटका हाय. तो दाबा, मग काढा. हळू."

"सोड बापा, सोड," डाक्टर डब्याला म्हणाले. "दुखत नाही."

कार्ड निघालं. वर इतका कोंडा आणि धूळ, की चार कोंबड्यांचं पोट भरलं असतं. पल्लवी हसली, डाक्टर हसले. मग तिनं समजावून सांगितलं, की कार्डाच्या पंख्याखाली एक पेस्ट लावलेली असते, ती उष्णता ओढून घेते. ती वाळली असणार. जुनी पुसून नवीन लावावी लागेल. एवढं सांगून तिनं फोन ठेवला आणि पेस्ट कुठली, हे सांगायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळून शेकतात, वर्षभर जू ओढून ते दुखलेले असतात म्हणून. डाक्टर दरवर्षी शेजाऱ्यांच्या बैलांसाठी हे मिश्रण तयार करतात. त्या संध्याकाळी वाटीत थोडं उरलं. समोर कार्ड. कामानं तापणारं, थकलेलं, आणि लेक म्हणालेली, की याला काहीतरी चोपडायला पाहिजे. आता तुम्हीच सांगा, डाक्टरांनी काय करावं?

पोळ्याच्या सकाळी त्यांची हाक आली. मी गेले तर घरभर तुपाचा घमघमाट. उंबरठ्यापासून डब्यापर्यंत मुंग्यांची काळी रांग लागली होती. डब्यावर बैलाची आरशांची झूल, पुढं पुरणपोळी आणि मधून मधून एक लांब, दोन आखूड.

"लोनी पिऊन टाकलं त्यानं," डाक्टर काळजीनं म्हणाले. "पर नजर काही येऊन नाही राहिली. अन् हे गोचीड कुठून लागले, कोनास ठाऊक."

मी वायर काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरमधून मुंग्या झटकल्या. माझ्या नवऱ्यानं साकोलीहून खरी पेस्ट आणली. डाक्टरांच्या जखमा धुण्याच्या स्पिरिटनं मी लोणी-हळद पुसली आणि पल्लवीच्या सांगण्यावरून कार्डाचे खाचेत बसणारे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबरानं घासले. सगळं नीट वाळू दिलं. मग कार्ड खाचेत बसवून दाबलं, खट् आवाज आला, खटका लागला. बटण दाबलं तर एकच छोटी शिट्टी आणि पडदा निळा.

"नजर आली!" डाक्टर ओरडले. बाहेर पोळ्याला निघालेल्या पोरांनी कारण न विचारताच 'हर बोला हर हर महादेव' ठोकलं. माझी कॉलर, म्हणजे पदर, दोन दिवस ताठ होता.

पुढच्या रविवारी भिंतीपलीकडून फोन ऐकू आला. "चालू हाय ना? मग झालं. जेवले का? गोळी घेतली का? ठेवते."

त्याच्या पुढच्या रविवारी डबा पुन्हा हंबरला. पल्लवी पुन्हा दुपारभर बसली. बरा झाला. परत बिघडला. तो शनिवारपर्यंत खणखणीत असायचा आणि रविवारी जेवणं झाली की त्याची नजर जायची. अखेर पल्लवी वैतागली. "बाबा, या रविवारी शेवटचं. नाही झालं तं मी नवीनच मागवते." डाक्टरांचं तोंड उतरलं. दोन दिवस ते ओट्यावर आलेही नाहीत. मला त्यांची दया आली, आणि माझ्या दुरुस्तीची अब्रूही पणाला लागली होती. म्हणून त्या रविवारी मी खोडरबर घेऊन फोनच्या आधीच त्यांच्या घरी पोचले.

डबा उघडला. कार्ड धडधाकट होतं. पेस्ट ओली, दात चकचकीत. फक्त खटका उघडा होता आणि कार्ड बोटभर वर उचललेलं. हे आपोआप होत नाही. उंदरालाही जमत नाही. मी वळून पाहिलं तर डाक्टर स्टेथोस्कोपची नळी बोटाला गुंडाळत उभे होते.

"डाक्टर, काहून असं?" माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

ते खाली बसले. "मॅडम, ज्याची गाय चांगली हाय, तो मानूस दवाखान्यात येते का कधी?"

"नाही."

"मी तं तेच पायलं. जनावर आजारी असन तवर मानूस येऊन बसते. दिवसभर बसते. घरचं सांगते, दारचं सांगते. बरं झालं का दावं धरते अन् जाते." नळी बोटावरून सोडवत ते म्हणाले, "त्याची चूक नाही, बरं का. जनावर बरं झाल्यावर त्यानं कायले थांबावं?"

मला हसूही आलं आणि रडूही, आणि त्यांच्यासमोर दोन्ही करायची लाज वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. डाक्टर माझ्याकडे बघत राहिले. आजारी बैलाचा मालक डॉक्टर साहेबांच्या तोंडाकडे कसा बघत असेल, ते मला त्या दिवशी कळलं. मीच फोन उचलला.

"बरं झालं मॅडम, तुमीच भेटल्या," पल्लवी म्हणाली. "खरं सांगा. नवीन मागवू का?"

"नको गं," मी म्हणाले. "म्हातारा आहे, पण जिवाला धोका नाही. फक्त एकदम बरा होईल अशी आशा धरू नकोस. दर रविवारी थोडं बघावं लागेल."

"दर रविवारी?"

"दर रविवारी."

तिनं तिकडं खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाली, "बरं. बाबा, या समोर. कार्ड काढा. खटका आधी दाबा, हळू."

डाक्टर पुढं सरकले. उघडाच असलेला खटका त्यांनी काळजीपूर्वक दाबला, आधीच सुटलेलं कार्ड दोन्ही हातांनी उपसून काढलं आणि कपाळावरचा घाम पुसला. "निघालं बेटा."

"आता खोडरबर घ्या."

ते माझ्याच मुठीत होतं. मी त्यांच्या हातात दिलं आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. टीव्हीच्या शेजारी गॅस पेटवत असताना बाहेरून पल्लवीचा आवाज आला, "नीट घासा बाबा, घाई नाही. अन् घासता घासता सांगा, यंदा आपल्या शेतातल्या बांधीतलं धान कसं हाय?"