नाकावरचा नाल

गावातल्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीच्या दिवशी सकाळी सात वाजता वेन्डेल हॅस्क्यूच्या पिकअपचं नाक त्याच्या हातात आलं. नाक म्हणजे बॉनेटच्या टोकावरचं कंपनीचं चिन्ह, घोड्याचा चकचकीत नाल. गाडी एकोणीसशे चौऱ्याहत्तरची. वेन्डेल दर वर्षी मिरवणुकीआधी तो नाल टूथपेस्ट लावून घासायचा. यंदा जरा जास्तच घासला.

"लोरीन!" तो अंगणातून ओरडला. "पान्हा आण. नट आतून आवळावे लागणार. बॉनेट उघडतो!"

स्वयंपाकघरात त्याच्या बायकोच्या हातून गरम बिस्किटांचा अख्खा ट्रे खाली पडला.

तिला दोष देण्यात अर्थ नाही. आमच्या ओक्लाहोमात माणूस चर्च बदलेल, एखादे वेळी बायकोही बदलेल, पण गाडीवरचं चिन्ह बदलणार नाही. हॅस्क्यू घराणं तीन पिढ्यांचं नालवालं. नऊ वर्षांपूर्वी वेन्डेलच्या धाकट्या भावानं, अर्लनं, गरुडाचं चिन्ह असलेली, दुसऱ्या कंपनीची जुनी पिकअप घेतली, आणि त्या दिवसापासून वेन्डेल त्याच्याशी एक अक्षर बोललेला नव्हता. सख्खा भाऊ, घर दोन मैलांवर, तरी नाही.

आणि वेन्डेलच्या बॉनेटखाली चौदा वर्षं गरुडाचं इंजिन होतं.

चौदा वर्षांपूर्वी वेन्डेलच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा लोरीन रोज सत्तर मैल त्याला भेटायला हीच गाडी हाणत होती. तेलाचा लाल दिवा लागला होता. तिला वाटलं, छान दिसतोय. पाचव्या दिवशी इंजिन जळालं. गॅरेजवाल्या ओडेलनं चारशे मैलांपर्यंत फोन फिरवले, पण नालवाल्याचं इंजिन मिळेना. मिळालं ते गरुडाचं. "बसेल," ओडेल म्हणाला, "पण ठोकून ठाकून बसवावं लागेल. आणि त्याला कळलं तर तो पुन्हा ऑपरेशनला जाईल." घरी आल्यावर वेन्डेल म्हणाला, आवाज बदललाय. ओडेल म्हणाला, ऑपरेशननंतर कान असे होतात.

पुढं वेन्डेलनं स्वतःच मार्ग सोपा केला. "नालवाल्याचं बॉनेट मी उघडतच नाही," तो गावभर सांगायचा. "धडधाकट माणसाला कुणी डॉक्टरकडे नेतं का?" तेलपाणी ओडेल बघायचा. सगळं सुरळीत चाललं होतं. फक्त अर्लची गत पाहिल्यापासून लोरीनला नीट झोप नव्हती. भावाला नऊ वर्षं, मग बायकोला किती?

ती धावतच अंगणात आली. "उघडायचं नाही! चौदा वर्षांचा नेम मोडणार तू? तेही मिरवणुकीच्या दिवशी?"

"मग बिननाकाची गाडी घेऊन गावापुढं जाऊ? सगळ्यात जुनी गाडी म्हणून पहिला मान आपला. मागं तो गरुडवाला. हसेल मेला."

"मी चिकटवते."

"कशानं?"

लोरीन न्हाणीघरात गेली आणि कवळी चिकटवायची ट्यूब घेऊन आली. नाल घट्ट बसला. वेन्डेलनं दोन बोटांनी हलवून पाहिला, खूश झाला. दोघं निघाले, वाटेत रेल्वेच्या रुळांवर गाडी आपटली आणि नाल टणकन रस्त्यावर पडला.

लोरीननं त्याला तसाच ओडेलच्या गॅरेजकडे वळायला लावलं. ओडेलनं काय झालं ते ऐकलं, लोरीनकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळावर घाम आला.

"आतून नट लाव," वेन्डेल म्हणाला.

"आतून? छे छे! गंजलेलं असतं ते. हात लावला तर अख्खं बॉनेट जाईल," ओडेल म्हणाला आणि त्यानं दिसेल ती चिकटपट्टी नालावर गुंडाळली. नाल दिसेनासा झाला.

"आता हे काय आहे? प्लॅस्टर? माझ्या गाडीचं हाड मोडलंय का?" वेन्डेलनं पट्टी ओरबाडून काढली. मग लोरीननं आपल्या केसांची रिबन सोडली आणि नाल गाडीच्या पुढच्या जाळीला बांधला. वरून एक छान गाठ मारली. "मिरवणूकच आहे, शोभतंय," ती म्हणाली. ती आता हट्टाला पेटली होती. वेळ आली तर नाल हातात धरून बॉनेटवर बसायचीही तिची तयारी होती.

दहा वाजता गाड्या चर्चसमोर रांगेत लागल्या. पुढं वेन्डेल, मागं अर्लची शहात्तरची गरुडवाली. बँड वाजायला लागला, मोठ्या ढोलावर पहिली टिपरी पडली, आणि रिबनची गाठ सुटली. नाल खाली.

अर्लनं मागून खिडकीबाहेर डोकं काढलं. "लोरीन! त्याला सांग, त्याचा नाल पडलाय. माझा गरुड अजून जागेवर आहे म्हणावं."

"लोरीन, त्याला सांग, मला डोळे आहेत!" वेन्डेल गरजला. तो खाली उतरला, नाल उचलला आणि खिशातून पान्हा काढला. "बस्स झालं. नेम गेला खड्ड्यात."

"वेन्डेल, नको! ऐक माझं! तुझ्या हृदयाला..."

बॉनेट करकरत वर गेलं.

ओडेल फुटपाथवर उभा होता, तो कणसाच्या गाडीमागं गेला. लोरीननं डोळे मिटले. उघडलेलं बॉनेट आड आल्यानं अर्लला काही दिसत नव्हतं. वेन्डेलला सगळं दिसत होतं. इंजिनच्या डोक्यावर, धुळीतही स्पष्ट, पंख पसरलेला गरुड.

बँडचं एक गाणं संपलं. दुसरं सुरू झालं.

"ओडेल," वेन्डेल हळूच म्हणाला, "त्या कणसांच्या मागून बाहेर ये आणि तार दे."

ओडेलनं तार दिली. वेन्डेलनं नाल गरुडावर ठेवला, पंख पुरते झाकले जातील असा सरकवला, आणि तारेनं आवळून आवळून बांधला. मग बॉनेट धाडकन बंद केलं.

"लोरीन, त्याला विचार, नाल कुठं गेला?" अर्ल ओरडला.

"त्याला सांग, जिथं हवा तिथं लावलाय," वेन्डेल म्हणाला आणि गाडीत बसला. किल्ली फिरवताच इंजिन सुरू झालं.

बिननाकाची गाडी गावापुढून निघाली. वेन्डेल दोन्ही बाजूंना हसून हात हलवत होता आणि दातांवर दात ठेवून बोलत होता.

"कधी?"

"तू दवाखान्यात होतास तेव्हा," लोरीनही हात हलवत म्हणाली. "लाल दिवा लागला होता. मला कळलं नाही रे."

"चौदा वर्षं?"

"हो."

"एकदा तरी बंद पडली?"

"नाही."

त्यानं तोंड पलीकडच्या गर्दीकडे वळवलं. लोरीननं मनात अर्लची नऊ वर्षं मोजली, आपली चौदा मोजली, आणि तिला हुंदका आवरेना. तरी हात हलायचा थांबला नाही, कारण अख्खं गाव बघत होतं.

मैदानावर गाड्या थांबल्या. वेन्डेल उतरला आणि सरळ मागच्या गाडीकडे चालत गेला. लोरीन धावत त्याच्या मागं. ओडेलही आला, लागलं तर दोघांना सोडवायला.

वेन्डेल अर्लच्या खिडकीशी थांबला. त्यानं गरुडाच्या चिन्हाकडे पाहिलं, मग भावाच्या तोंडाकडे.

"तेल किती खातं रे तुझं इंजिन?" तो म्हणाला.

अर्ल दचकला. मग सवयीप्रमाणे त्यानं लोरीनकडे मान वळवली. "लोरीन, त्याला सांग, थेंबभर जास्त नाही."

लोरीननं निरोप द्यायला तोंड उघडलं, पण वेन्डेलनं हात वर करून तिला थांबवलं.

"माहितीये मला," तो भावाला म्हणाला.