नानांचा दावा, नानांचीच कैफियत

दुपारची झोप मोडून यज्ञेश्वरनाना पाणी प्यायला उठले, आणि त्याच क्षणी शेजारच्या वाकलेल्या झाडाचा नारळ अंगणातल्या त्यांच्या खाटेवर, नेमका उशीवर आदळला.

"अहो, खाट चार हात सरकवा," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"खाट माझी, अंगण माझं. सरकायचं तर झाडानं सरकावं!"

बत्तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेल्या माणसाला डोकं वाचल्याचा आनंद होण्याआधी कलमं आठवली. राजारामपुरीतल्या त्या गल्लीत कुणाचाही अर्ज असो, तो लिहायचा नानांनीच. मग स्वतःच्या डोक्यासाठी ते हात आखडता घेतील? शेजारच्या मल्लिकार्जुनआप्पांचं झाड धोकादायक असून 'मालकाने ते स्वखर्चाने तोडावे' असा दावा त्यांनी एका बैठकीत लिहून दाखल केला.

महिन्याभरात आप्पांना समन्स आलं. ते घेऊन आप्पा थेट नानांच्याच दारात.

"नाना, ह्येचं उत्तर लिवून द्या की."

"अहो आप्पा, दावा मीच लावलाय!"

"व्हय, वाचलं की. म्हणून काय झालं? आजवर माझा एक तरी कागद दुसऱ्यानं लिवलाय का? जमंना तर ऱ्हाऊ द्या, वकिलाकडं जातो."

हे 'जमंना' नानांच्या वर्मी लागलं. त्यांनी चष्मा पुसला आणि स्वतःच्याच विरुद्ध कैफियत लिहायला घेतली. हातचं राखून लिहिणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. लिहिता लिहिता एक जबरदस्त मुद्दा सुचला: झाड प्रतिवादीच्या हद्दीत आहे याला पुरावा काय? आधी मोजणी व्हावी!

"लई भारी!" आप्पा म्हणाले. "आता समोरच्याचं काय खरं न्हाय."

मोजणी झाली. कुंपणच चुकलेलं होतं. झाडाचा बुंधा चांगला दीड हात नानांच्या हद्दीत निघाला.

संध्याकाळी आप्पा पोतंभर नारळ घेऊन आले. नेहमीचा खणखणीत आवाज पार उतरला होता.

"वीस वर्षं तुमचं नारळ खाल्लं की वो मी. लाज वाटाय लागलीया. झाड तोडायला माणूस बघू का?"

नानांनी वर पाहिलं. आपलं झाड म्हणून ते पहिल्यांदाच बघत होते. काय डौल होता! वाकलेलं कुठं, जरा कललेलं होतं एवढंच. त्यांना एकदम भरून आलं.

"तोडायचं? खुळे का काय तुम्ही! आणि पाणी कुणी घातलं इतकी वर्षं? निम्मे नारळ तुमचे."

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी कागद चाळले.

"दावा, कैफियत आणि हा तडजोडीचा अर्ज, तिन्ही एकाच अक्षरात?"

"माझंच अक्षर, साहेब," नाना अभिमानाने म्हणाले.

"दाव्यात झाड धोकादायक आहे. इथं लिहिलंय, अत्यंत निरुपद्रवी!"

"तेव्हा ते आप्पांचं होतं, साहेब."

दावा निकाली निघाला. नाना घरी आले तर सरोजिनीबाईंनी खाट चार हात सरकवून ठेवली होती. नाना तिच्यावर आडवे झाले. तेवढ्यात जुन्या जागी धप्पकन नारळ पडला.

"बघ, बघ," नाना कौतुकाने म्हणाले, "केवढा मोठा आहे!"