उपाशी तुकडा

विज्ञानाला सीमा नसतात. शेताला मात्र बांध असतो, आणि मिरजेच्या एका महाविद्यालयात मातीचा अभ्यास करणाऱ्या डॉ. पृथ्वीराज यांचं चार वर्षांचं विज्ञान कवठे महांकाळजवळ गुंडाअण्णांच्या रानात, बांधाआडच्या दोन गुंठ्यांत मावलं होतं. त्या तुकड्यावर त्यांनी खताचा कणही पडू दिला नव्हता. असाच उपाशी तुकडा डेन्मार्कात प्राध्यापक सोरेनसेन राखत होते. दोन्ही मातींच्या तुलनेसाठी दोन्ही देश मिळून निधी देणार, अशी बोलणी होती. म्हणून तर सोरेनसेन स्वतः रान बघायला आले होते. निधी आला नाही तर प्रयोगशाळेची खोली कॅन्टीनला जाईल, हे प्राचार्यांनी सरांना हसतहसतच सांगून ठेवलं होतं.

गाडी बांधाला लागली. सर उतरले, चार पावलं गेले आणि थांबले. सबंध तुकड्यावर लेंड्या पसरल्या होत्या.

"अण्णा, हे काय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मेंढरं बसवली रातीला," गुंडाअण्णा फेटा सावरत म्हणाले. "मल्हारचा अख्खा कळप हुता. परदेशी पावनं येणार आन रान असं रोडावल्यालं. गावाची काय अब्रू हाय का न्हाई?"

"मी काय सांगितलं होतं? इथं काही टाकायचं नाही."

"आमी कुठं काय टाकलं? मेंढरं आपली बसली. टाकलं त्येंनी."

"कळप बसवायला लोकं नंबर लावत्यात, सर," बांधावर टेकलेला मल्हार मेंढपाळ म्हणाला. "पण अण्णा म्हनलं, सरांचं रान आधी."

सरांना एकदम फार दमल्यासारखं झालं.

"हे काय म्हणतायत?" सोरेनसेननी इंग्रजीत विचारलं.

"तुमचं स्वागत करतायत," सर म्हणाले. हे खोटंही नव्हतं.

मग सरांनी स्वागतच लांबवायचं ठरवलं. शाल झाली, नारळ झाला, पाहुण्यांना फेटा बांधून झाला. चहा दोनदा झाला. तरी पाहुणे माती बघायची म्हणू लागले, तेव्हा सरांनी त्यांना शेजारच्या पडीक पट्टीकडे वळवलं आणि "हाच तो," असं धीर करून सांगितलं. ते दोघे तिथं पोचतात न पोचतात तोच गुंडाअण्णांनी पाहुण्यांचा दंड धरला.

"आवं तिकडं न्हाई, सायेब. सर इसरलं. हिकडं या."

सोरेनसेन खऱ्या तुकड्यात उकिडवे बसले. एक लेंडी उचलून त्यांनी बोटांत चुरली आणि वास घेतला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सरांनी मेंढ्या, ज्वारीच्या बदल्यात त्या रात्रभर रानात बसवायची इथली रीत, गावाची अब्रू, सगळं सांगून टाकलं. वर माफी मागितली.

"पावनं खूश हायती ना?" गुंडाअण्णांनी मध्येच विचारलं. सरांनी मान हलवली.

सोरेनसेन रुमालाला हात पुसत म्हणाले, "आमच्याकडची ती निधीची योजना जानेवारीतच बंद झाली."

"मग तुम्ही आलात कसे?"

"विमानाचं तिकीट रद्द होत नव्हतं."