काही न करायचा गुलाब

बाळांनो, समजा की तुम्ही माणात, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात आहात. दहिवडीच्या पुढचं एक गाव, डोळे दिपवणारं ऊन आणि घरामागच्या परसात पत्र्याचा जुना तेलाचा डबा. डब्यात वीतभर गुलाब. या गुलाबाचं तुम्हांला काहीही करायचं नाही. जमेल?

सोनियाच्या घरात हे कुणालाच जमलं नाही.

सोनिया आठ वर्षांची. तिचे पप्पा तानाजी मुंबईला कामाला. सुट्टीवर येताना त्यांनी साताऱ्याहून हा गुलाब आणला आणि परत निघताना सांगितलं, "सोने, ह्यो गावठी गुलाब हाय. ह्याला लाड नगंत. उनात ठिव, माती पार कोरडी झाली की तांब्याभर पाणी दे, आन् इसरून जा. दसऱ्याला मी आलो की पयलं फूल दाव मला."

"दावती की!" सोनिया म्हणाली आणि त्याच दिवशी तिने घरात हुकूम सोडला, "गुलाबाला माज्याबिगर कुणी हात लावायचा न्हाई."

पण माणात एक रीत आहे. दारात कुणीही येवो, आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचा आणि मग विचारायचं, कुठलं गाव? पाणी कमी, म्हणूनच ते देण्यात माया जास्त. आणि गुलाब तर थेट साताऱ्याहून आलेला पाहुणा!

त्यामुळे सकाळी आजी, म्हणजे रंगुबाई, गुपचूप परसात जायची. "पाव्हण्याला कोरडं कसं ठिवायचं?" असं पुटपुटत तांब्या रिता करायची. आई पल्लवी तांदळाचं धुवण कधी फुकट घालवत नसे, तेही डब्यातच जायचं. आजोबा नानासो मेंढरं घेऊन आले की नेमके डब्यावर वाकून तोंड धुवायचे आणि जाता जाता मूठभर लेंडीखत टाकायचे. तिघांनाही वाटायचं, आपल्याशिवाय या गरिबाला कोण आहे?

गुलाब पिवळा पडू लागला.

"तानलंय गं," आजी म्हणाली आणि पाणी दुप्पट झालं.

एक दिवस सोनियाने मातीत बोट घातलं, तर ते चिखलात रुतलं. तिने तर चार दिवसांत थेंबही घातला नव्हता.

"पाणी कोण घालतंय?" तिने विचारलं.

"दव पडलं आसंल," आजोबा म्हणाले.

"माणात? एवढं?"

"मग पाऊस झाला आसंल," आई म्हणाली.

"आन् परस कोरडं कसं?"

"डब्यापुरताच झाला आसंल," आजी म्हणाली आणि घाईघाईने लसूण सोलू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपले असं पाहून सोनिया वाळत घातलेल्या वाकळेमागे लपली. आधी आजी आली, पदराखाली तांब्या. मागोमाग पातेलं घेऊन आई.

"आत्याबाई, तुमी हितं?"

"मी... बघाय आले. तू गं?"

"मीबी बघायच."

"पातेलं घिऊन?"

तेवढ्यात आजोबा आले. त्यांच्या टॉवेलात लेंड्या. तिघं एकमेकांकडे बघत उभी राहिली आणि वाकळेमागून सोनिया बाहेर आली.

"तुमी माज्या गुलाबाला बुडवून मारायलाय!" तिचे डोळे भरले. "पप्पाला काय दावू?"

"आगं, माणात आजवर कोण बुडून मेलंय व्हय?" आजोबा म्हणाले. पण नातीचं तोंड पाहून तिघांनी खंडोबाची शपथ घेतली.

आठवडा झाला तरी माती ओलीच होती. "चूळ भरताना उडालं वाटतं," आजी जमिनीकडे बघत म्हणाली.

सोनियाला कळून चुकलं. या माणसांवर औषध नाही. दसरा तर जवळ येत होता. गुलाब जगवायचा तर त्याच्यासाठी कुणी उठणारच नाही, अशी जागा हवी.

अशी जागा गावात एकच होती. बाळासोकाकांचं अंगण. बाळासोकाका दिवसभर बाजेवर पडून असत. ऊन पायांवर आलं की पाय जवळ घेत, बाज हलवत नसत. एकदा शेळीने त्यांच्यादेखत त्यांचा टॉवेल खाल्ला. "उठेस्तवर सपलाच आसता," एवढंच ते म्हणाले.

सोनियाने डबा पोत्यावर ठेवून ओढत नेला. "काका, ह्यो गुलाब हितं ठिवू? तुमी कायबी करायचं न्हाई."

काकांनी एक डोळा उघडला. "कायबीच न्हाई?"

"कायबी न्हाई. फकस्त आमच्या घरच्यांस्नी जवळ यिऊ द्यायचं न्हाई."

"मग ठिव. ही कला आपल्यापाशी हाय."

आणि खरोखर, माती सुकली. पिवळी पानं गळून गेली आणि लालसर कोवळी पालवी फुटली. सोनिया रोज बोट घालून बघायची आणि माती पार कोरडी झाली तरच पाणी घालायची. घरचे एकेक करून पाहुण्याला भेटायला येत, तेव्हा काका पडल्या पडल्या ओरडत, "रंगुकाकू, पदर झाडा! तांब्या दिसतुय. माघारी फिरा!" मग एक कळी आली. मग तिच्या टोकाला गुलाबी रंग डोकावला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सोनिया धावत आली आणि जागीच थबकली. बाज रिकामी!

बाळासोकाका भर उन्हात गुलाबापाशी उभे होते. एका हातात गुलाबावर धरलेली छत्री, दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला तांब्या.

"काका! तुमी उठला?"

काका ओशाळले. "आगं, कळी लय केविलवाणी बघती गं माज्याकडं. म्हटलं, घोटभर..."

"घातलं?"

"न्हाई आजून."

सोनियाने त्यांच्या हातातून तांब्या घेतला आणि एका दमात घटाघटा सगळं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. मग छत्री मिटली. "तुमी आमच्या घरी जावा. आज्जी च्या करंल," असं म्हणून तिने काकांना वाटेला लावलं आणि त्यांच्या बाजेवर हातपाय ताणून आडवी झाली.

बऱ्याच वेळाने तिने हळूच एक डोळा उघडला. कळीची एक पाकळी सैल होऊन बाहेर वळली होती. सोनियाला उठून नाचावंसं वाटलं. पण तिने दोन्ही हातांनी बाज घट्ट धरली, डोळे गच्च मिटले आणि सगळा जोर लावून काहीही केलं नाही.